काचेवरचा ओरखडा : तो जातो की लपतो?

आमच्या आजोबांचे एक खिशातले घड्याळ आमच्या घरी आहे. बेळगावच्या न्यायालयात त्यांनी वकिलीची जितकी वर्षे काढली, तितकी वर्षे ते त्यांच्या कोटाच्या खिशात होते. यंत्र अजून चालते. परंतु तबकडीवरची फुगीर काच इतकी ओरखडली होती की, दिव्याखाली धरताच तिच्यावर कोळ्याने जाळे विणल्याचा भास व्हावा, आणि काटे दिसण्यापूर्वी ते जाळेच डोळ्यांत भरावे. आमच्या थोरल्या बंधूंचे म्हणणे असे की, काच बदलून टाकावी आणि प्रकरण मिटवावे. मातुःश्रींचे म्हणणे त्याच्या उलट. ‘मामंजी रोज सकाळी पूजा आटोपली की धोतराच्या सोग्याने ही काच पुसत. ती टाकायची नाही,’ असा त्यांचा निर्वाळा. उभय पक्षांचे ऐकून घेऊन आम्ही ते घड्याळ गावातल्या एका वृद्ध घड्याळजींकडे नेले.

त्यांनी डोळ्याला भिंग लावून काच बराच वेळ न्याहाळली, एके ठिकाणी नख फिरवून पाहिले, आणि म्हणाले, “वकीलसाहेब, काच घासून देतो. पण एक आधीच सांगतो. ओरखडा जात नसतो. त्याच्या भोवतालची काच त्याच्या तळापर्यंत खाली येते, एवढेच.”

हे वाक्य मनात घोळवीत आम्ही घरी आलो आणि त्याचा माग काढू लागलो. तेव्हा असे आढळून आले की, ज्या प्रश्नाचे उत्तर या कारागिराने एका दमात देऊन टाकले, त्याच प्रश्नावर युरोपातील थोर थोर शास्त्रज्ञांनी पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ वाद घातला आहे. प्रश्न दिसावयास लहान, पण मुळाशी मोठा आहे. जिल्हई करणे म्हणजे दोष नाहीसा करणे, की दोष झाकणे? आम्हां वकिलांचा अशा प्रश्नाशी नित्याचा परिचय असल्याने या वादाची हकीकत वाचकांपुढे ठेवण्याचा मोह आम्हांस आवरला नाही.

प्रथम वादविषय झालेल्या वस्तूविषयी दोन शब्द. घड्याळावर काच असणे आज आपणांस अगदी स्वाभाविक वाटते. पण आरंभी तसे नव्हते. सोळाव्या शतकातील युरोपीय घड्याळांवर बहुधा धातूचे झाकण असे. वेळ पाहावयाची तर झाकण उघडावे, किंवा त्यास पाडलेल्या जाळीतून डोकावावे. तबकडीवर काच बसविण्याची रीत सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ होत गेली. पुढे एकोणिसाव्या शतकात लॉरेन प्रांतातील गोट्झेनब्रुक हे गाव या काचांच्या धंद्यासाठी नावारूपास आले. काचेचा मोठा गोल फुंकावयाचा आणि त्यातून लहान लहान चकत्या कापून घ्यावयाच्या, अशी या धंद्यातली जुनी पद्धत होती. जुन्या घड्याळांच्या काचा फुगीर का असत, याचे एक कारण या पद्धतीत सापडते.

ही काच ओरखडते कशाने? किल्ल्या, नाणी, बटणे यांवर सर्वांचा संशय जातो. पण खरा अपराधी निराळाच आहे. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ मध्ये खनिजांच्या काठिण्याची एक श्रेणी लावून दिली. तीत शंखजिऱ्यास १ आणि हिऱ्यास १० हा क्रमांक आहे. साधी काच या श्रेणीत साडेपाचच्या आसपास येते, तर गारगोटी ७ वर बसते. आपल्या रस्त्यांवरच्या आणि अंगणांतल्या धुळीत गारगोटीचे सूक्ष्म कण असतातच. ते काचेवर बसतात, आणि कोरड्या फडक्याने पुसताना आपण तेच कण काचेवरून दाबून फिरवितो. आमचे आजोबा रोज सकाळी काच स्वच्छ करीत होते आणि त्याच हाताने ती ओरखडीतही होते. त्यांच्या निष्ठेविषयी शंका नाही, दोष धुळीचा.

आता मूळ वादाकडे वळू. यात पहिले मोठे नाव सर आयझॅक न्यूटन यांचे. न्यूटन केवळ गणिती नव्हते. स्वतःच्या हाताने आरसे घासणारे कारागीरही होते. १६७१ च्या अखेरीस लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जी लहानशी परावर्तक दुर्बीण आली, तिचा धातूचा आरसा त्यांनी स्वतः घासला होता. घासण्याच्या साच्यावर डांबराचा थर देऊन त्यावर जिल्हईची पूड वापरण्याची कृती त्यांनी १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात वर्णिली आहे. त्याच ग्रंथात काचेच्या जिल्हईविषयी त्यांनी आपले मत नोंदविले. ते असे की, वाळू, कथिलाचे भस्म किंवा ट्रिपोली माती यांनी काच घासली, तर ती पूड कितीही बारीक असो, तिला काच ओरखडण्यावाचून दुसरे काही करता येत नाही. मोठ्या ओरखड्यांच्या जागी लहान येतात, लहानांच्या जागी अधिक लहान, आणि शेवटी ते इतके सूक्ष्म होतात की डोळ्यांस दिसेनासे होतात. म्हणजे न्यूटन यांच्या मते चकचकीत काच ही वस्तुतः सर्वांगी ओरखडलेलीच काच होय. एवढ्यावर न थांबता त्यांनी यातून एक अनुमान काढले. काच अशी खडबडीत असूनही प्रकाश तिच्यावरून नीट परावर्तित होतो. त्या अर्थी प्रकाशकिरण काचेच्या घन कणांवर आपटून परत फिरत नसून, पृष्ठभागावर सर्वत्र सारखी पसरलेली एखादी शक्ती त्यांस परतविते. एका घासलेल्या काचेच्या आधारे त्यांनी प्रकाशाच्या स्वरूपाचा निवाडा करू पाहिला, यावरून या लहानशा प्रश्नाचे महत्त्व ध्यानी यावे.

न्यूटन यांच्या अधिकारापुढे हे मत बराच काळ टिकले. विद्वान मंडळी ते मान्य करीत होती आणि कारागीर आपले काम करीतच होते. तत्त्ववेत्ता स्पिनोझा याने सतराव्या शतकात हॉलंडमध्ये भिंगे घासून चरितार्थ चालविला. अठराव्या शतकात इंग्लंडातील बाथ येथे विल्यम हर्शेल हा संगीतशिक्षक दुर्बिणीचे आरसे घासण्याच्या नादी लागला. एकदा आरशाची अखेरची जिल्हई चालू असता त्याने सलग सोळा तास हात उचलला नाही, आणि त्याची बहीण कॅरोलिन त्यास घास भरवीत राहिली, असे तिनेच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. स्वतः घडविलेल्या दुर्बिणीतूनच १७८१ मध्ये हर्शेल याने युरेनस ग्रह शोधून काढला. भिंगकारांच्या हाताशी या काळात दोन पुडी विशेष होत्या. एक कथिलाचे भस्म. दुसरी हिराकस भट्टीत भाजून केलेले लोहाचे तांबडे भस्म, ज्यास ‘रूज’ म्हणत. या पुडींनी काच झळकते हे सर्वांस ठाऊक होते. ती का झळकते हे कोणासच ठाऊक नव्हते.

न्यूटन यांच्या मताविरुद्ध पहिला भक्कम पुरावा आला तो १९०१ साली. आर्गॉन वायूच्या शोधासाठी पुढे १९०४ मध्ये नोबेल पारितोषिक मिळविणारे लॉर्ड रॅले यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ‘पॉलिश’ याच विषयावर व्याख्यान दिले. त्यांनी केले ते इतकेच की, जिल्हईचे काम मध्येच थांबवून काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. न्यूटन यांचे म्हणणे खरे असते, तर पृष्ठभाग सर्वत्र हळूहळू कमी खडबडीत होत गेलेला दिसावयास हवा होता. प्रत्यक्षात दिसले ते निराळेच. खडबडीत काचेवरील सर्वांत उंच उंचवट्यांचे माथे प्रथम सपाट होतात, आणि ते सपाट झाल्या क्षणापासूनच निर्दोष चकचकीत असतात. मग हे चकचकीत माथे पसरत जातात, एकमेकांस मिळतात, आणि मधले खड्डे आक्रसत आक्रसत अखेर संपतात. अर्धवट झळकलेली जागा अशी नसतेच. जागा एक तर पुरती झळकलेली असते, नाही तर मुळीच नसते. यावरून रॅले यांनी निष्कर्ष काढला की, खरड घासणे आणि जिल्हई या दोन क्रिया जातीनेच भिन्न आहेत. पहिलीत काचेचे कपचे उडतात. दुसरीत काच जवळजवळ अणुरेणूंच्या हिशेबाने झिजते. आमच्या घड्याळजींचे वाक्य ते हेच. माथे खाली येतात, आणि खड्डा तेथल्या तेथे उथळ होत संपतो.

येथे निकाल लागावयास हवा होता; पण तसे झाले नाही. ग्लासगो येथील रसायनज्ञ जॉर्ज बायल्बी यांनी निराळीच बाजू मांडली. धातू आणि खनिजे घासून त्यांनी आरशासारखी चकचकीत केली, आणि मग त्यांवर सौम्य आम्ल सोडले. तेव्हा पुसले गेले असे वाटणारे ओरखडे पुन्हा वर आले! बायल्बी यांचे म्हणणे असे की, जिल्हई करताना पृष्ठभागाचा अतिसूक्ष्म थर द्रवासारखा वाहतो, ओरखड्यांच्या खाचांत भरतो, आणि वर साय धरावी तसा गोठतो. १९२१ साली त्यांनी आपले विवेचन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले, आणि पृष्ठभागावरील त्या थरास ‘बायल्बी थर’ हे नावच पडले. म्हणजे आता जिल्हई ही दोष घालविणारी नसून दोष झाकणारी ठरली. आम्हांस हे मत प्रथम वाचताना थोडी अस्वस्थता वाटली, हे कबूल करतो. कारण वरून शांत आणि आतून जशाच्या तशा राहिलेल्या तडजोडी आम्ही न्यायालयात पुष्कळ पाहिल्या आहेत. त्यांवर थोडे आम्ल पडले की सर्व खाचा पुन्हा उघड्या होतात.

बायल्बी यांच्या बाजूने १९३७ मध्ये एक चमत्कारिक साक्ष आली. केंब्रिज येथे बाउडन आणि ह्यूज यांनी दाखविले की, जिल्हईच्या पुडीचे काठिण्य महत्त्वाचे नसून तिचा वितळण्याचा बिंदू महत्त्वाचा आहे. त्यासाठी त्यांनी जी द्रव्ये तपासली त्यांत आपल्या आरतीतला कापूरही होता. कापूर सुमारे १७८ अंशांवर वितळतो. सुमारे ७० अंशांवर वितळणाऱ्या ‘वुड’ नावाच्या मिश्रधातूस कापराने जिल्हई येते. पण त्याहून उशिरा वितळणाऱ्या कथिलावर आणि शिशावर कापराचे काही चालत नाही. उलट जस्ताचे भस्म गारगोटीहून मऊ असूनही तिला झळकविते, कारण ते तिच्याहून अधिक उष्णतेवर वितळते. घर्षणाच्या बिंदूवर क्षणभर उष्णता चढते आणि जे आधी वितळते ते वाहू लागते, असा त्यांचा युक्तिवाद होता.

युक्तिवाद चतुर होता. पण पुढील संशोधनापुढे तो सर्वत्र टिकला नाही. धातूंची जिल्हई हे बव्हंशी अतिसूक्ष्म कापणेच होय, असे नंतरच्या सूक्ष्म निरीक्षणांनी दिसून आले. काचेच्या बाबतीत तर मुख्य साक्षीदाराची जबानी अजून कोणी घेतलीच नव्हती. तो साक्षीदार म्हणजे पाणी. काच घासणारा प्रत्येक कारागीर पूड पाण्यात कालवितो. ते थंडाव्यासाठी असावे, अशी समजूत होती. परंतु पाण्याऐवजी रॉकेलसारखे द्रव वापरले, तर काचेची जिल्हई जवळजवळ थांबते, असे दिसून आले. पाणी काचेच्या पृष्ठभागाशी रासायनिक क्रिया करते आणि तेथली काच किंचित मऊ पडते. रशियन रसायनज्ञ ग्रेबेन्श्चिकोव यांनी १९३० च्या दशकात या रासायनिक बाजूकडे लक्ष वेधले, आणि १९९० मध्ये ली कुक या अमेरिकन संशोधकाने तिची सविस्तर मांडणी केली. त्यांच्या मांडणीनुसार पुडीचा कण काचेतील सिलिकाशी क्षणभर रासायनिक बंध बांधतो आणि पुढे सरकताना त्याचा अंश आपल्याबरोबर उचलून नेतो. यास त्यांनी पुडीचा ‘रासायनिक दात’ म्हटले. ओरखडण्याचा येथे संबंध नाही. कण चावत नाही, चिकटून उचलतो.

असा दात ज्या द्रव्यास विशेष तीक्ष्ण आहे, ते सेरियमचे भस्म. सेरियम हे मूलद्रव्य १८०३ मध्ये सापडले आणि १८०१ मध्ये दिसलेल्या सेरेस या लघुग्रहावरून त्याचे नाव ठेवण्यात आले. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास भिंगांच्या कारखान्यांतून त्याने जुन्या तांबड्या रूजला मागे सारले, आणि आज घड्याळजींच्या डबीत असते ते हेच फिकट पिवळसर वा गुलाबी छटेचे पीठ. त्याच्या इतिहासाचा एक धागा आपल्या देशाशी बांधलेला आहे. १९०९ मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनज्ञास त्रावणकोरच्या किनाऱ्यावर मोनाझाइट वाळूचा शोध लागला. जत्रेतल्या गॅसबत्तीच्या जाळीसाठी लागणारे थोरियम या वाळूतून मिळे, म्हणून ती परदेशी जाऊ लागली. आणि सेरियम हा त्याच वाळूचा मोठा घटक. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये ‘इंडियन रेअर अर्थ्‌स’ ही कंपनी स्थापन झाली आणि १९५२ मध्ये अलवाये येथे वाळूचे पृथक्करण करणारा तिचा कारखाना सुरू झाला. पुढे या द्रव्यांच्या बाजारावर चीनचे वर्चस्व बसले. २०१०-११ मध्ये त्या देशाने निर्यात आखडली, तेव्हा सेरियमच्या भस्माचा भाव कित्येक पटींनी चढला होता.

एक साक्ष मात्र राहिली. काचेवर आम्ल सोडले असता पुसलेले ओरखडे खरोखर वर येतात. मग बायल्बी यांचे म्हणणे अगदीच खोटे कसे म्हणावे? याचा उलगडा फ्रँक प्रेस्टन यांच्या १९२० च्या दशकातील अभ्यासाने होतो. काचेवर कठीण कण दाबून ओढला असता वर दिसणाऱ्या चरीखाली काचेच्या आत सूक्ष्म भेगा शिरलेल्या असतात. वरची चर घासून घालविली, तरी भेगांची मुळे आत उरू शकतात. आम्ल त्यांस रुंद करून दृष्टोत्पत्तीस आणते. या भेगा केवळ दिसण्यापुरत्या नसतात. ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ च्या सुमारास दाखवून दिले की, काच आपल्या अपेक्षित बळाच्या मानाने इतक्या सहज फुटते ती असल्या बारीक दोषांमुळेच. ताण पडला की भेगेच्या टोकाशी तो एकवटतो आणि तडा पुढे धावतो.

एवढा पुरावा तपासल्यावर निकाल असा द्यावा लागतो. न्यूटन यांचे म्हणणे, की जिल्हई म्हणजे केवळ अधिक बारीक ओरखडे, फेटाळण्यात येते. बायल्बी यांचे म्हणणे, की काच वाहून खाचा झाकते, काचेपुरते बव्हंशी फेटाळण्यात येते. पण पृष्ठभागाखाली दोष शिल्लक राहू शकतो, ही त्यांची शंका मान्य करण्यात येते. आमच्या घड्याळजींचे म्हणणे कायम करण्यात येते. त्यात भर एवढीच की, ओरखड्याचा तळ डोळ्यांस दिसतो त्याहून खोल असतो, आणि खरे काम करावयाचे तर तेथपर्यंत उतरावे लागते.

या निकालातून काही व्यावहारिक नियम निघतात. नखास न अडकणारा ओरखडा बहुधा निघतो. नख अडकले तर हातच्या जिल्हईने त्याच्या नादी लागू नये, काच बदलावी. फक्त ओरखड्याचीच जागा घासत बसू नये. तेथे खळगा पडतो, तो भिंगासारखा वागतो, आणि त्याखालचे आकडे वाकडे दिसतात. जी काच खाली आणावयाची ती सर्व सारखी आणावी. पूड वाळू देऊ नये. कोरड्या घर्षणाने काच तापून तडकते. काच कोणत्या जातीची आहे हेही आधी पाहावे. १९६१ पासून बंगळूरच्या कारखान्यात बनू लागलेली एचएमटीची घड्याळे ज्यांनी वापरली, त्यांस ठाऊक असेल की त्यांपैकी पुष्कळांवर काच नसून ॲक्रिलिक असे. ते लवकर ओरखडे आणि दंतमंजनाच्या लगद्यानेही साफ होई. खऱ्या काचेवर त्या लगद्याचा फारसा उपयोग नाही. आजच्या महाग घड्याळांवरील ‘सफायर’ हे तर कृत्रिम नीलम, म्हणजे आपल्या शिकलगारांच्या कुरुंदाचाच कुलबंधू. मोस यांच्या श्रेणीत त्याचा क्रमांक ९. घड्याळजींच्या डबीतील सेरियमने ते बधत नाही, त्यास हिऱ्याची पूड लागते.

आठ दिवसांनी आम्ही घड्याळ आणावयास गेलो. घड्याळजींनी काच कड्यातून काढून, नमद्याच्या तुकड्यावर ओल्या पुडीने दोन बैठकींत घासली होती. जाळे नाहीसे झाले होते. सातच्या आकड्याजवळचा एक ओरखडा मात्र तसाच होता. पहिल्या दिवशी त्यांचे नख जेथे अडकले होते, तोच तो. आम्ही त्यावर बोट ठेवताच ते म्हणाले, “याच्या मागे लागलो असतो तर तो गेला असता, वकीलसाहेब. पण सगळी काच पातळ झाली असती. एवढा राहू द्या.”

घरी मातुःश्रींनी घड्याळ हाती घेऊन चष्म्याविना वेळ सांगितली. थोरल्या बंधूंनी तो राहिलेला ओरखडा नखाने चाचपून पाहिला, आणि काच बदलण्याची गोष्ट पुन्हा काढली नाही. घड्याळ आता देवघराशेजारच्या कोनाड्यात असते. ते पुसण्याचे काम आमच्याकडे आले आहे. आधी काचेवर फुंकर घालून धूळ उडवावयाची, आणि मग ओल्या मऊ फडक्याने हलक्या हाताने पुसावयाचे, असा नियम आम्ही घालून घेतला आहे.